दिएगो फोर्लान

दिएगो फोर्लान (जन्म १९ मे १९७९, मोंटेव्हिडिओ) हा उरुग्वेचा स्ट्रायकर, २०१० च्या वर्ल्ड कपचा गोल्डन बॉल (स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) विजेता. मुंबईकर मात्र त्याला अंधेरीत हॅटट्रिक मारून गेलेला म्हातारा म्हणूनही ओळखतात, आणि म्हातारा हे इथे कौतुकानेच म्हणायचं.

घरात फुटबॉल तीन पिढ्यांचा. वडील पाब्लो १९६६ आणि १९७४ च्या वर्ल्ड कपला उरुग्वेच्या टीममध्ये होते, आईचे वडील हुआन कार्लोस कोरात्सो उरुग्वेचे कोच. एवढं असूनही पोरगा लहानपणी टेनिसमध्ये जास्त चमकत होता. तो बारा वर्षांचा असताना मोठ्या बहिणीच्या गाडीला अपघात झाला, तिचा मित्र त्यात गेला आणि तिला कायमची व्हीलचेअर आली, आणि तिच्या उपचारांचा खर्च बघून आपण फुटबॉलमध्येच पैसे कमवायचे असं त्याने तेव्हा ठरवलं.

अर्जेंटिनातल्या इंडिपेंडिएंटेकडून गोल करत करत जानेवारी २००२ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडला पोचला आणि तिथे सगळं अडलं. पहिला गोल व्हायला आठ महिने लागले, तोही मकाबी हैफाविरुद्ध पेनल्टीवर. साउथॅम्प्टनविरुद्ध गोल केल्यावर आनंदात शर्ट काढला, मग तो परत अंगात जाईचना आणि गेम सुरू झाला तरी गडी उघडाच पळतोय! डिसेंबर २००२ मध्ये लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवर दोन गोल ठोकले (पहिल्यात गोलकीपर डुडेकने बॉल हातातून सोडला हे खरं), त्यावर युनायटेडचे फॅन्स आजही खूश आहेत. पण फ्लॉप हा शिक्का काही पुसला गेला नाही.

२००४ मध्ये तो स्पेनला विलारेआलला गेला आणि पहिल्याच सीझनला लीगमध्ये २५ गोल, म्हणजे स्पेनचा टॉप स्कोअरर आणि युरोपियन गोल्डन शू (युरोपातल्या लीगमधल्या टॉप स्कोअररचा पुरस्कार) थिएरी हेन्रीसोबत वाटून. तोच माणूस, तेच पाय. फरक एवढाच की इथे त्याला रोज खेळवत होते आणि मागून अर्जेंटिनाचा मिडफिल्डर रिकेल्मे पास देत होता. २००७ मध्ये स्ट्रायकर टोरेस क्लब सोडून गेल्यावर अ‍ॅटलेटिको माद्रिदने त्याला घेतलं, २००८-०९ ला ३२ गोल आणि परत गोल्डन शू. मे २०१० मध्ये हँबर्गला युरोपा लीग फायनलमध्ये फुलहॅमविरुद्ध दोन्ही गोल याचेच, दुसरा एक्स्ट्रा टाइम संपत आलेला असताना.

त्यानंतर महिन्याभरात साउथ आफ्रिकेतला वर्ल्ड कप. स्पर्धेचा जाबुलानी नावाचा बॉल हवेत कसाही वळतो म्हणून जगभरचे खेळाडू बोंबलत होते, आणि हा पठ्ठ्या त्याच बॉलने लांबून मारत होता. पहिला यजमानांविरुद्ध, मग घानाविरुद्ध फ्री किक, सेमीफायनलला नेदरलँड्सविरुद्ध डाव्या पायाने. दोन्ही पाय सारखेच चालायचे ही त्याची खरी ताकद, डिफेंडरला कुठली बाजू बंद करावी तेच कळायचं नाही. तिसऱ्या नंबरच्या मॅचला जर्मनीविरुद्ध त्याने मारलेली व्हॉली स्पर्धेतला बेस्ट गोल ठरली, आणि अगदी शेवटच्या क्षणी त्याची फ्री किक बारला लागली, नाहीतर ३-३ झालं असतं. पाच गोल, उरुग्वे चौथा, तरी गोल्डन बॉल याला. २०११ च्या कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा) फायनलला पॅराग्वेविरुद्ध ३-० मध्ये दोन गोल. आजोबांनी कोच म्हणून आणि वडिलांनी खेळाडू म्हणून जिंकलेला कप नातवानेही घरी नेला. देशासाठी एकूण ११२ मॅच, ३६ गोल, आणि शंभरी गाठणारा तो पहिला उरुग्वेयन.

इंटर मिलानला मात्र जमलं नाही. मग ब्राझीलचा इंटरनॅसिओनाल, जपानचा सेरेझो ओसाका, आणि घरच्या पेन्यारोलबरोबर लीगचं टायटल.

२०१६ च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) सीझनला मुंबई सिटीने त्याला मार्की प्लेअर, म्हणजे टीमचं मोठं नाव म्हणून आणलं, तेव्हा वय ३७. आयएसएलमध्ये उतरत्या वयातली बरीच नावं येऊन पगार घेऊन गेली, त्यामुळे शंका रास्त होती. फोर्लान कॅप्टन होता, आणि १९ नोव्हेंबरला अंधेरीच्या मैदानात केरला ब्लास्टर्सला ५-० हरवताना तीन गोल त्याचे. टीम पहिल्यांदाच टेबलमध्ये टॉपला आली. पण सेमीफायनलच्या पहिल्या लेगला कोलकात्यात त्याला दोन यलो मिळून रेड कार्ड बसलं, टीम ३-२ हरली, आणि मुंबईतल्या दुसऱ्या लेगला कॅप्टन बाहेर! ती मॅच ०-० सुटली, दोन्ही लेगचे गोल मिळून मुंबई हरली आणि खेळ खल्लास.

शेवटचा क्लब हाँगकाँगचा किची, २०१८ मध्ये. ऑगस्ट २०१९ मध्ये निवृत्ती जाहीर केली. नंतर पेन्यारोलचा कोच झाला, पण ते काही महिनेच टिकलं. मग जुनी रॅकेट परत हातात आली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी मोंटेव्हिडिओतच एटीपी चॅलेंजर या व्यावसायिक टेनिस स्पर्धेत अर्जेंटिनाचा टेनिसपटू फेदेरिको कोरियासोबत डबल्स खेळला. ६-१, ६-२ असे सरळ हरले.