फुकटचे पैसे नाकारणारी माणसं

एकमेकांना न ओळखणारे दोन विद्यार्थी. एकाला दहा डॉलर मिळतात आणि त्यातले दुसऱ्याला किती द्यायचे हे तोच ठरवतो. दुसऱ्याच्या हातात फक्त होकार किंवा नकार. होकार दिला तर त्याप्रमाणे वाटणी, नकार दिला तर दोघांनाही भोपळा. घासाघीस नाही, दुसरी फेरी नाही.

जुन्या अर्थशास्त्राच्या हिशेबाने इथे डोकं चालवण्यासारखं काही नाही. एक डॉलर मिळत असेल तरी घ्यावा, शून्यापेक्षा तो बराच. वेर्नर ग्यूट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हा खेळ जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना खेळायला लावला आणि १९८२ मध्ये निष्कर्ष छापले. हिशेब फसला होता. पुढे अनेक देशांत तेच दिसलं: वाटणारे साधारण चाळीस ते पन्नास टक्के देऊ करतात, आणि वीस टक्क्यांच्या खालची रक्कम समोरचा जवळपास निम्म्या वेळा झिडकारतो. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, तोही रोख पैसे मोजून!

या नकारामागे राग आहे, हे सिद्ध कसं करायचं? प्रिन्स्टनमध्ये अॅलन सॅन्फी आणि सहकाऱ्यांनी १९ जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून हा खेळ खेळवला (२००३). 'नऊ मला, एक तुला' असा प्रस्ताव आला की मेंदूतला इन्सुला हा भाग जास्त सक्रिय व्हायचा. किळस वाटते तेव्हाही हाच भाग जागा होतो. तो जितका सक्रिय, तितकी नकाराची शक्यता जास्त. तीच कंजूष वाटणी संगणकाकडून आली की मात्र लोक ती जास्त वेळा मुकाट्याने घेत. म्हणजे त्रास कमी पैशांचा नव्हता, ते कोण देतंय याचा होता. गंमत अशी की 'माणसांचे' प्रस्तावही संशोधकांनीच आधी ठरवून ठेवलेले होते. मानसशास्त्रात अशी फसवणूक चालवून घेतात. प्रायोगिक अर्थशास्त्राच्या प्रयोगशाळांत ती सहसा वर्ज्य.

मला सगळ्यात आवडतो तो श्याओ आणि हाउझर यांचा २००५ चा प्रयोग. खेळ तोच, रक्कम वीस डॉलर. फरक एवढाच की काही जणांना होकार-नकार देतानाच वाटणाऱ्याला चिठ्ठी लिहिण्याची मुभा होती. चिठ्ठीची सोय नसताना चार डॉलर किंवा त्याहून कमी देऊ केलेल्यांपैकी ६० टक्के लोकांनी नकार दिला. सोय असताना ३२ टक्क्यांनी. बाकीच्यांनी पैसे घेतले. हावरटपणाबद्दल सुनवायचं असेल तर कागद होताच.

वेळ गेला की रागही ओसरतो. ग्रिम आणि मेंगेल यांनी प्रस्ताव कळल्यावर उत्तर घेण्याआधी लोकांना दहाएक मिनिटं दुसऱ्याच प्रश्नावलीत गुंतवलं. एरवी बहुतेक जण ज्या रकमा फेटाळतात, त्या आता बहुतेकांनी स्वीकारल्या.

हे सगळं विद्यार्थ्यांच्या खिशातल्या चार डॉलरांचं झालं, मोठ्या रकमेला कोण लाथ मारतो? शंका रास्त आहे. ती तपासायला संशोधक ईशान्य भारतातल्या खेड्यांत गेले आणि २० रुपयांपासून २०,००० रुपयांपर्यंतचे डाव मांडले. रक्कम वाढत गेली तसे नकार जवळजवळ संपले. त्याआधी पेरूच्या जंगलातल्या माचिगेंगा लोकांत जोसेफ हेन्रिक यांना वेगळंच आढळलं होतं: वाटणारे सरासरी चौथा हिस्साच देऊ करत, आणि तरीही नकार जवळपास नव्हते. म्हणजे 'हा अन्याय आहे' ही रेषा कुठे ओढायची, ते समाजासमाजात बदलतं.

आंद्राद आणि अॅरिएली यांनी (२००९) आणखी एक गोष्ट दाखवली. चित्रफीत दाखवून आधीच चिडवलेल्यांनी अन्याय्य वाटणी जास्त वेळा नाकारली, हे अपेक्षितच. पण चित्रफितीचा राग विरल्यानंतर पुन्हा खेळतानाही त्यांचा कल तसाच राहिला. आपण मागे काय केलं ते माणसाला आठवतं, पण ते का केलं ते नाही. मग तो स्वतःचाच जुना निर्णय प्रमाण मानून पुन्हा तोच घेतो.