लोहाफेक्स : पीक दुप्पट, कोठार रिकामं

अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात नायट्रेट हे पोषक द्रव्य मुबलक असतं, लोह मात्र नावाला. त्यामुळे तिथलं वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, खुंटलेलं राहतं. लोह घातलं तर ते फोफावेल, कार्बन डायऑक्साइड ओढेल आणि मेल्यावर तो कार्बन खोल घेऊन जाईल, अशी कल्पना. २००९ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं आणि जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेनं ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून ‘लोहाफेक्स’ या प्रयोगात ती तपासली.

जागा म्हणून दक्षिण अटलांटिकमधला एक प्रचंड भोवरा निवडला. त्याच्या गाभ्यातलं पाणी बाहेर चटकन मिसळत नाही. ३०० चौरस किलोमीटरमध्ये दोनदा, दर वेळी दोन टन लोह सोडलं, तेही फेरस सल्फेटच्या रूपात. म्हणजे आपलं हिराकसच. मग ३९ दिवस पाळत.

हरितद्रव्य दुप्पट झालं. पण खाली किती गेलं? हे मोजायची युक्ती सुरेख आहे. युरेनियम समुद्रात विरघळलेलं राहतं. त्यापासून सतत बनणारं थोरियम-२३४ मात्र कणांना चिकटून बुडतं. त्याचं अर्धायुष्य २४ दिवसांचं. वरच्या थरात ते युरेनियमच्या मानानं जितकं कमी, तितके कण नुकतेच खाली गेलेले.

हिशोब असा निघाला : दर चौरस मीटरला रोज साधारण २५० मिलिग्रॅम कार्बनची निव्वळ कमाई, त्यातले जेमतेम ७५ मिलिग्रॅम खाली जाणारे. लोह न घातलेल्या पाण्यातही जवळपास तेवढेच! २०० आणि ४५० मीटरवर पाण्यासोबत वाहणारे सापळे ठेवले होते. त्यांत बहुतेक वेळा १३ मिलिग्रॅमही पडले नाहीत, आणि तीही मुख्यतः प्राण्यांची विष्ठा.

घोटाळा सिलिकाचा होता. डायाटम हे शैवाल सिलिकाची, म्हणजे जवळजवळ काचेचीच, डबी बांधून राहतं. जड असल्यानं मेल्यावर गठ्ठ्यांनी बुडतं. इथे विरघळलेलं सिलिका लिटरमागे २ मायक्रोमोलहून कमी, म्हणून प्लवकाच्या वजनात डायाटम दहा टक्केही नव्हते. वाढलं ते बिनकवचाचं, मऊ प्लवक. कोपेपॉड या चिमुकल्या कवचधारींनी त्यावर ताव मारला. उरलंसुरलं आणि विष्ठा यांच्यावर असे कण खाणारे प्राणी आणि जीवाणू तुटून पडले. समुद्राच्या एका मिलिलिटरमध्ये जीवाणू दहा लाखांच्या आसपास असतात. त्यांनी विकरांनी (एन्झाइमांनी) कण विरघळवायचा, खायचा, आणि श्वसनातून कार्बन डायऑक्साइड पुन्हा पाण्यात सोडायचा. हे सगळं वरच्या थरांतच झालं, तर तो वायू हवेत परतायला फार काळ लागत नाही.

याच जहाजावरून २००४ साली सिलिका असलेल्या भोवऱ्यात लोह सोडलं होतं. तेव्हा डायाटमच वाढले, आणि त्या बहराचा किमान निम्मा भाग हजार मीटरच्याही खाली गेला.