‘बचाता रोसा’: एका शीर्षकाने घातलेला घोळ

डिसेंबर १९९० मध्ये आलेल्या ‘बचाता रोसा’ या अल्बमात दहा गाणी आहेत. त्यात निखळ बचाता, म्हणजे डॉमिनिकन गिटारसंगीताच्या वळणाची गाणी, तीन. चौथं गाणं बचाता म्हणून सुरू होतं आणि पुढे दुसरंच वळण घेतं. उरलेल्यांत बहुतेक मेरेंगे, म्हणजे तिथलंच धावत्या ठेक्याचं नाचगाणं, थोडा साल्सा, एक संथ प्रेमगीत. तरीही कॅरिबियनमधल्या डॉमिनिकन प्रजासत्ताकाचा गायक-गीतकार हुआन लुइस गेरा याच्या नावाला ‘बचाता’ हा शब्द जो चिकटला तो आजही सुटलेला नाही. हा घोळ नेमका कुठून आला ते पाहायचं तर आधी शब्दाकडे जावं लागतं.

‘बचाता’ म्हणजे मुळात अंगणातली मैफल: गिटार, दारू, चार शेजारी. देशाच्या हुकूमशहाला मेरेंगे प्रिय होतं, तेव्हा रेडिओवर आणि समारंभांत मेरेंगेचीच चलती होती. १९६१ मध्ये त्याची हत्या झाली आणि पुढच्याच वर्षी बचातांची पहिली ध्वनिमुद्रणं निघाली. त्या काळात गावं सोडून राजधानी सांतो दोमिंगोच्या वस्त्यांत आलेल्या लोकांचं हे गाणं. वरच्या वर्गाने हा शब्द शिवीसारखाच वापरला; बचाता म्हणजे गावठी, दारूच्या गुत्त्यावरचं. म्हणून वाजवणारे स्वतः ‘आमार्गे’, म्हणजे कडवटपणाचं संगीत, असं म्हणू लागले. तबकड्या दुकानांपेक्षा रस्त्यावरच्या टपऱ्यांवर जास्त खपत.

बचाता ओळखायचा कसा? संचात वाद्यं पाच: सूर कातत जाणारी रेकिंतो गिटार, तिला साथ देणारी सेगुंदा, बास, बोंगो आणि ग्वीरा. ग्वीरा म्हणजे धातूचा खरखरीत पोकळ नळा, तारांच्या ब्रशने घासायचा. पूर्वी त्या जागी मराकास, म्हणजे खुळखुळे, असत. ठेका चार मात्रांचा, आणि चौथ्या मात्रेवर बोंगोचा ठसठशीत ठोका. नाचणारे तिथेच पाय टेकवतात किंवा कंबर उचलतात. कडव्याला एक ठेका, ध्रुवपदाला दुसरा, गिटारच्या एकल तुकड्याला तिसरा. बोलेरो या संथ प्रेमगीतांच्या प्रकारातून आलेल्या या संगीतात नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे तारा सलग छेडणं. सूर सुटे सुटे न तोडता सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवला की बचाता पुन्हा बोलेरो होतो, मग बोंगोने कितीही जोर लावू दे. मेरेंगेचं वळण वेगळंच: दोन मात्रांची धाव, दोन तोंडांचा तांबोरा ढोल, आणि सॅक्सोफोनचे तुटक झटके. झटके ऐकू आले की बचाता नाही, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे. ‘ला बिलिरुबिना’, प्रेमात बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते रक्तातलं पिवळं द्रव्य) वाढल्याची तक्रार करणारं ते गाणं, अनेक जण बचातात मोजतात. ते चोख मेरेंगे आहे.

गेरा या वस्त्यांतून आलेला नाही. १९५७ मध्ये सांतो दोमिंगोत जन्म, आधी तत्त्वज्ञान आणि साहित्याचा अभ्यास, मग गिटार, मग बॉस्टनच्या संगीत महाविद्यालयातून १९८२ मध्ये जॅझचं शिक्षण. परतल्यावर त्याने काढलेल्या गायकसंचाचं नाव ४४०, म्हणजे ज्या कंपनसंख्येवर वाद्यं जुळवतात तो सूर. पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी सहा. १९८४ चा पहिला अल्बम जॅझच्या वळणाचं समूहगायन होतं. नंतर तो मेरेंगेकडे वळला आणि १९८९ मध्ये ‘कॉफीचा पाऊस पडो’ असं मागणं मागणाऱ्या गाण्याने देशाबाहेर पोहोचला. खेड्यांतले हाल आणि व्हिसाच्या रांगा या दोन्ही गोष्टी त्या अल्बमात आहेत.

मग हे शीर्षक का? ‘रोसा’ या शब्दात ‘गुलाब’ही आहे आणि ‘गुलाबी’ही. शीर्षकगीतात प्रेयसीला गुलाब दिलेला आहे, म्हणून पहिला अर्थ सरळ लागतो. पण शहरी श्रोत्यांनी दुसराच धरला: धुऊन पुसून गुलाबी केलेली बचाता. टीकाकारांचाही रोख तोच. गेराच्या बचातांत जॅझमधले भरीव स्वरमेळ आहेत, मागे सिंथेसायझर आहे, कोरस काटेकोर जुळलेला आहे, आणि गळ्यात जुन्या बचाता गायकांचा रडका ताण नाही. वाद्यांच्या मांडणीवरून पाहिलं तर ही गाणी बोंगोवर बसवलेल्या बोलेरोच्या जास्त जवळ आहेत.

गाणी उत्तम आहेत, त्याबद्दल वाद नाही. खटकतं ते श्रेयाचं गणित. मासा होऊन प्रेयसीच्या काचेच्या भांड्याला नाक लावावं असं म्हणणारं याच अल्बमातलं गाणं द्व्यर्थी आहे, हे ऐकणाऱ्याला कळतंच. असाच द्व्यर्थ गुत्त्यातल्या गायकाने केला की अश्लील आणि इथे काव्य, हा हिशेब श्रोत्यांनी मांडला, गेराने नव्हे. ‘बचाता त्याने उजेडात आणली’ हे वाक्यही तपासून घ्यावं. ऐंशीच्या दशकात सुशिक्षित गीतकार आणि गायिका आमार्गेला रंगमंचावर घेऊन आल्या होत्या. १९८७ मध्ये एका वस्तीतल्या गायकाने इलेक्ट्रिक गिटार घेऊन बचाता नाचती केली. आजच्या बचातेचा आवाज त्याच्याच जास्त जवळचा आहे. गेराने केलं ते एवढंच, पण ते लहान नाही: जो शब्द उच्चारायची लाज वाटायची तो त्याने अल्बमच्या मुखपृष्ठावर छापला. १९९२ मध्ये त्या अल्बमला ग्रॅमी मिळाला आणि शब्दाची बदनामी ओसरू लागली.

तो मात्र तिथे थांबला नाही. १९९२ च्या अल्बमला कोलंबसपूर्व बेटावरच्या समारंभांचं नाव दिलं आणि त्यात काँगोच्या गिटारवादनाच्या चालीवर महागाईचं गाणं बांधलं. ते अमेरिकेतल्या लॅटिन गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. आफ्रिकन चाली ‘बचाता रोसा’तही होत्याच, मेरेंगेच्या वेषात. १९९४ मध्ये अकॉर्डियनचा जुना ग्रामीण मेरेंगे, २००४ मध्ये भक्तिगीतं, २००७ च्या अल्बमाला पाच लॅटिन ग्रॅमी. दरम्यान न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या डॉमिनिकन पोरांनी २००२ च्या सुमारास युरोपात बचातेचा धुमाकूळ घातला. त्यांच्यातला मुख्य गायक पुढे गेराबरोबर बचाता गायला.

मेरेंगे २०१६ मध्ये आणि बचाता २०१९ मध्ये युनेस्कोच्या, मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेले. २०२४ मध्ये गेराच्या मोजक्या गाण्यांच्या छोट्या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा लॅटिन ग्रॅमी मिळाला. त्याचं नाव ‘रादिओ ग्वीरा’. ग्वीरा मेरेंगेत पहिल्यापासून आहे. बचातेत ती मराकास बाजूला सारून मागाहून आली.