बाह्यस्तर

प्राण्यांच्या भ्रूणात गॅस्ट्रुलेशनच्या, म्हणजे पेशींची हालचाल होऊन थर बनण्याच्या, वेळी वेगळ्या होणाऱ्या जनस्तरांपैकी (ज्यांपासून पुढे अवयव बनतात त्या थरांपैकी) सर्वांत बाहेरचा स्तर. यालाच एक्टोडर्म किंवा बहिर्जनस्तर म्हणतात. पृष्ठवंशी प्राण्यांत त्वचेचे अधिचर्म (सर्वांत बाहेरचा थर) व त्याची उपांगे, जवळजवळ संपूर्ण चेतासंस्था (मज्जासंस्था), ज्ञानेंद्रियांचे महत्त्वाचे भाग आणि चेताशिखा नावाच्या भटक्या पेशींमार्फत चेहऱ्याची बरीचशी हाडे या स्तरापासून तयार होतात. त्याच्या आत मध्यस्तर आणि सर्वांत आत अंतःस्तर असतो. देहभित्ती दोनच स्तरांची असलेल्या जेलीफिश, हायड्रा इत्यादी प्राण्यांत मध्यस्तर नसतो. बाह्यस्तर मात्र असतो.

इतिहास : कोंबडीच्या भ्रूणात तीन स्तर असल्याचे वर्णन क्रिस्टियान पांडर यांनी १८१७ मध्ये केले. कार्ल एर्न्स्ट फोन बेअर यांनी १८२८ पासून ही कल्पना इतर पृष्ठवंशी प्राण्यांना लावली. आज मानली जाते ती विभागणी मात्र रॉबर्ट रेमाक यांची आहे. १८५० ते १८५५ या काळात त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक स्तराच्या पेशींचा माग काढला आणि त्वचेचे आवरण व चेतासंस्था या दोहोंचा उगम वरच्या एकाच स्तरात असल्याचे दाखवले. ‘एक्टोडर्म’ ही संज्ञा मात्र भ्रूणविज्ञानातून आलेली नाही. जॉर्ज ऑलमन यांनी १८५३ मध्ये ती हायड्रॉइड (हायड्रासारख्या) प्राण्यांच्या प्रौढ शरीरातील बाहेरच्या थरासाठी वापरली. जेलीफिशचे दोन थर आणि पृष्ठवंशी भ्रूणाचे थर यांतील साम्य टॉमस हक्सली यांनी त्याआधीच, १८४९ मध्ये, नोंदवले होते. प्रौढ प्राण्याच्या थरासाठीची संज्ञा भ्रूणाला केव्हा लागू झाली हे एका वर्षावर बोट ठेवून सांगणे कठीण आहे. साधारणपणे एर्न्स्ट हेकेल यांच्या १८७० च्या दशकातील गॅस्ट्रिया सिद्धांतानंतर (बहुपेशीय प्राणी दोन थरांच्या एका पूर्वजापासून आले, हा सिद्धांत) ती रुळली असे मानले जाते.

उत्पत्ती : बेडकाच्या ब्लास्टुलात (गॅस्ट्रुलेशनपूर्वीच्या पोकळ गोळ्यासारख्या भ्रूणात) वरच्या, रंगद्रव्ययुक्त गोलार्धातील पेशी पुढे बाह्यस्तर होतात. गॅस्ट्रुलेशनमध्ये त्या पसरत जाऊन पीतकयुक्त (बलक असलेल्या) पेशींना झाकतात. या हालचालीत आतल्या पेशी एकमेकींच्या मध्ये शिरतात, त्यामुळे थर पातळ होतो आणि त्याचे क्षेत्रफळ वाढते. पक्षी व सस्तन प्राण्यांत तिन्ही जनस्तर एपिब्लास्टपासून, म्हणजे चकतीसारख्या भ्रूणाच्या वरच्या थरापासून, येतात. माणसाच्या भ्रूणात साधारण १५ व्या दिवशी या थरावर आद्यरेखा नावाची खाच दिसू लागते; तिच्यातून आत उतरणाऱ्या पेशी अंतःस्तर व मध्यस्तर बनवतात आणि ज्या पेशी वरच राहतात त्या बाह्यस्तर होतात. म्हणजे सस्तन प्राण्यांत बाह्यस्तर हा काही अंशी ‘आत न गेलेल्यांचा’ स्तर आहे. नावात सारखेपणा असला तरी ब्लास्टोसिस्टचे (सस्तन प्राण्यांच्या सुरुवातीच्या पोकळ भ्रूणाचे) बाहेरचे आवरण, म्हणजे ट्रोफेक्टोडर्म, हा जनस्तर नाही. त्यापासून अपरेचा (वारेचा) भाग बनतो, भ्रूणाचे शरीर नाही. या दोहोंची गल्लत होऊ शकते.

चेता की अधिचर्म : बाह्यस्तराच्या पेशी चेता-ऊती होतात की अधिचर्म, हे कशाने ठरते, या प्रश्नाभोवती मुख्य वाद फिरतो. हान्स स्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी १९२४ मध्ये फिकट रंगाच्या न्यूटच्या (शेपटी असलेल्या उभयचराच्या) गॅस्ट्रुलातील, म्हणजे गॅस्ट्रुलेशन चालू असलेल्या भ्रूणातील, ब्लास्टोपोरचा (पेशी जिथून आत शिरतात त्या छिद्राचा) पृष्ठीय ओठ कापून गडद रंगाच्या जातीच्या गॅस्ट्रुलाच्या पोटाकडच्या बाजूला बसवला. यजमान भ्रूणावर दुसरा भ्रूणाक्ष उभा राहिला आणि त्यातील चेतानलिका (मेंदू व मज्जारज्जू जिच्यातून बनतात ती नळी) मुख्यतः यजमानाच्याच पेशींची होती. एरवी पोटाची कातडी होणाऱ्या पेशी शेजाऱ्याच्या संकेतामुळे मेंदूकडे वळल्या, असा याचा अर्थ. स्पेमान यांना १९३५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मांगोल्ड यांचा मृत्यू शोधनिबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी झाला होता.

पुढची दहा-पंधरा वर्षे हा संकेत देणारा पदार्थ शोधण्यात गेली आणि शोध फसला. मारून टाकलेल्या ऊती, इतर प्राण्यांचे अवयव, असंबद्ध रसायने, सगळ्यांनीच न्यूटच्या बाह्यस्तरातून चेता-ऊती निर्माण होऊ लागली. कारण पुढे कळले. न्यूट व सॅलॅमँडर यांचा बाह्यस्तर इतका तयारीत असतो, की द्रावणातील आम्लता किंवा क्षार थोडे बदलले तरी तो चेतामार्गाला लागतो. आफ्रिकी झेनोपस बेडकाचा बाह्यस्तर असा सहजी डगमगत नाही. म्हणून नंतरचे बहुतेक काम त्याच्यावर झाले.

त्या कामाचे मुख्य साधन ‘ॲनिमल कॅप’ चाचणी. २३ अंश सेल्सिअसला फलनानंतर सुमारे ५ ते ७ तासांनी ब्लास्टुला योग्य अवस्थेत येतो. घड्याळजीच्या बारीक चिमट्याने पीतक आवरण सोलतात आणि वरच्या ध्रुवाभोवतीचा सुमारे अर्धा मिलिमीटर रुंदीचा तुकडा कापतात. बशीला ॲगॅरोजचा थर दिलेला असावा लागतो. नाहीतर उघडा भ्रूण प्लास्टिकला चिकटून फाटतो. नुसत्या क्षारद्रावणात ठेवलेला तुकडा गोळी बनून अधिचर्म होतो. ॲक्टिव्हिन हे संकेत देणारे प्रथिन घातले तर त्यातून मध्यस्तर निघतो आणि गोळी लांबट होते. चूक बहुधा दोन ठिकाणी होते. तुकडा मोठा कापला तर कडेचा, मध्यस्तराच्या वाटेवर असलेला पट्टा सोबत येतो आणि काहीही न घालता गोळी लांबते. म्हणून स्नायूच्या ॲक्टिनचे जनुक व्यक्त होते का, हे न हाताळलेल्या तुकड्यात नेहमी तपासतात. दुसरी चूक उशिराची. तुकडा कापताच कडा आत वळू लागतात, आणि एकदा गोळी मिटली की बाहेरच्या पेशींच्या घट्ट जोडांमुळे द्रावणातील प्रथिन आतल्या पेशींपर्यंत पोचत नाही. तुकडा कापल्याबरोबर प्रथिन घालावे लागते.

१९८९ मध्ये ग्रुन्ट्स आणि टाके यांनी या तुकड्याच्या पेशी कॅल्शियम-मॅग्नेशियमरहित द्रावणात सुट्या केल्या. लगेच पुन्हा एकत्र केल्या तर त्या अधिचर्म झाल्या. काही तास सुट्या ठेवल्या तर बाहेरून काही न देताही चेतापेशी झाल्या. याचा अर्थ असा लावला गेला की अधिचर्म होण्यासाठीच शेजाऱ्यांचा संकेत लागतो, आणि तो धुऊन गेला की चेता ही मूळची वाट उरते. तो संकेत बीएमपी (बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन) गटातील प्रथिनांचा असल्याचे नंतर स्पष्ट झाले. नॉगिन १९९२ मध्ये, कॉर्डिन १९९४ मध्ये सापडले. ही दोन्ही प्रथिने स्पेमान यांच्या पृष्ठीय ओठाच्या भागात तयार होतात आणि बीएमपीला पेशीबाहेरच पकडून ठेवतात. फॉलिस्टॅटिनही याच गटात बसते. ‘मूळ वाट’ प्रतिमान त्यातून उभे राहिले.

हे प्रतिमान जसेच्या तसे स्वीकारणे आता अवघड आहे. कोंबडीत बीएमपी रोखणारी प्रथिने अधिचर्माच्या वाटेवरील बाह्यस्तराला दिली तरी चेतापट्ट (चेतासंस्थेचा पहिला सपाट पट्टा) बनत नाही; तिथे गॅस्ट्रुलेशनच्याही आधी एफजीएफचा (फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर या प्रथिनाचा) संकेत मिळालेला असावा लागतो, हे २००० साली दिसून आले. बेडकातही पेशी सुट्या करण्याच्या क्रियेनेच एमएपी-कायनेज हा एफजीएफच्या वाटेवरील दुवा चेतवला जातो, असे २००५ मध्ये दाखवण्यात आले. म्हणजे १९८९ च्या प्रयोगातील पेशी वाटल्या तितक्या ‘संकेतमुक्त’ नव्हत्या. दुसरीकडे, बेडकात नॉगिन, कॉर्डिन व फॉलिस्टॅटिन ही तिन्ही एकदम बंद केली तर चेतापट्ट जवळजवळ नाहीसा होतो. बीएमपी रोखणे आवश्यक, पण एकटे पुरेसे नाही, हे मत उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते.

चेतानलिका : चेतापट्टाच्या पेशी उंच होतात, शेजारच्या अधिचर्माच्या पेशी चपट्या. पट्टाच्या मध्यरेषेवरील पेशींचा वरचा भाग ॲक्टिन या तंतुमय प्रथिनाच्या आवळण्याने आणि केंद्रक तळाशी गेल्याने निमुळता होतो, पेशी पाचरीसारख्या होतात आणि पट्ट दुमडतो. कडांजवळ आणखी दोन बिजागऱ्या तयार होतात. कडा भेटल्यावर नलिका अधिचर्मापासून सुटते; त्या वेळी नलिकेच्या पेशी ई-कॅडहेरिन हे पेशी जोडणारे प्रथिन सोडून एन-कॅडहेरिन बनवू लागलेल्या असतात. माणसात पुढचे तोंड २५ व्या दिवसाच्या आसपास आणि मागचे साधारण २७-२८ व्या दिवशी मिटते. पुढचे मिटले नाही तर ॲनेनसेफली (मेंदू व कवटीचा बराच भाग न बनणे), मागचे मिटले नाही तर स्पायना बायफिडा (पाठीचा कणा उघडा राहणे). पाठीच्या कण्याच्या अगदी खालच्या टोकाकडील नलिका मात्र दुमडून होत नाही. तिथे पेशींचा भरीव दांडा आधी बनतो आणि मग पोकळ होतो.

या तारखांमुळेच फॉलिक ॲसिड गर्भधारणेपूर्वी सुरू करायचे असते. पाळी चुकल्याचे लक्षात येऊन तपासणी होईपर्यंत नलिका बहुधा मिटून गेलेली असते. सर्वसाधारण शिफारस रोज ४०० मायक्रोग्रॅमची आहे. आधीच्या गर्भात असा दोष आढळलेल्या स्त्रियांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याच्या दहापट, म्हणजे ४ मिलिग्रॅम, देतात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत या मोठ्या मात्रेने दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली. सगळेच दोष टळत नाहीत.

चेताशिखा : चेतापट्ट आणि अधिचर्म यांच्या सीमेवरील पेशी नलिकेतून सुटून शरीरभर भटकतात. विल्हेल्म हिस यांनी १८६८ मध्ये कोंबडीत त्यांचे वर्णन केले. ज्युलिया प्लॅट यांनी १८९३ मध्ये डोक्याची कूर्चा बाह्यस्तरातून येते असे सांगितले तेव्हा ते बहुतेकांनी नाकारले, कारण सांगाडा मध्यस्तराचाच असतो ही समजूत पक्की होती. प्लॅट बरोबर होत्या. १९६९ पासून निकोल ल दुआरँ यांनी लावा पक्ष्याच्या पेशी कोंबडीच्या भ्रूणात बसवून हा प्रश्न बराचसा निकाली काढला. लाव्याच्या केंद्रकातील क्रोमॅटिनचा दाट गोळा डीएनए रंगवणाऱ्या फॉयल्गन रंजनाने ओळखू येतो, त्यामुळे पेशी कुठे गेल्या ते थेट दिसते. मणक्यालगतच्या संवेदी गुच्छिका, स्वायत्त चेतासंस्था, चेतातंतूंभोवती आवरण करणाऱ्या श्वान (Schwann) पेशी, त्वचेतील रंगपेशी, अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीचा गाभा, दातांचे डेंटिन आणि चेहऱ्याची हाडे या पेशींची आहेत. काही लेखक चेताशिखेला चौथा जनस्तर म्हणतात. ही सूचना सर्वमान्य नाही. आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत या पेशी पोचल्या नाहीत तर तो भाग आकुंचन-प्रसरण करू शकत नाही आणि हिर्शस्प्रुंगचा विकार होतो.

इतर व्युत्पन्ने : केस, नखे, घामाच्या, तैल व स्तन ग्रंथी, स्वच्छमंडलाचा (कॉर्नियाचा) बाहेरचा थर, तोंडाचे अस्तर, गुदमार्गाचा खालचा भाग. पोष (पिट्युटरी) ग्रंथीचा पुढचा खंड तोंडाच्या छतातून वर गेलेल्या राथके पिशवीचा, मागचा खंड मेंदूच्या तळाचा. दोन्ही बाह्यस्तराचेच, पण वेगवेगळ्या वाटांनी आलेले. बाहुली लहानमोठी करणारे स्नायूही बाह्यस्तराचे आहेत, जे स्नायूंच्या बाबतीत विरळ आहे. उलट मेंदूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी बाह्यस्तराच्या नाहीत. त्या पीतक पिशवीतून येतात. एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात उगवताना नष्ट होतात, म्हणून झिजलेले एनॅमल पुन्हा तयार होत नाही. ॲक्झोलॉटल या सॅलॅमँडरमध्ये काही दातांचे एनॅमल अंतःस्तराच्या पेशीही बनवतात, असे २००८ मध्ये आढळले.

नेत्रभिंग, आतला कान आणि घ्राण-उपकला (नाकातील वास ओळखणारे अस्तर) हे अवयव प्लॅकोड नावाच्या जाड ठिपक्यांतून येतात. भिंगाच्या बाबतीत स्पेमान यांनी १९०१ मध्ये नेत्रपुटी (मेंदूतून निघणारा डोळ्याचा सुरुवातीचा फुगवटा) नष्ट केली तर भिंग होत नाही असे दाखवले; पण दुसऱ्या एका बेडूकजातीत ते तरीही झाले. भिंगाकडे कल नेत्रपुटीच्या स्पर्शाआधीच मिळालेला असतो आणि जातीनुसार तो कमी-अधिक असतो, असे आता मानतात. घामाच्या ग्रंथी, केस व दात एकत्र बिघडणारे आनुवंशिक विकार एक्टोडर्मल डिस्प्लेसिया या नावाने ओळखले जातात. त्यांपैकी सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारातील ईडीए हे जनुक १९९६ मध्ये सापडले. घाम जवळजवळ येत नसल्याने या बालकांना तापात व उन्हाळ्यात शरीर अतितप्त होण्याचा धोका असतो.

अपृष्ठवंशी प्राणी : कीटकांत अन्नमार्गाचा पुढचा व मागचा भाग आणि श्वासनलिका बाह्यस्तराच्या असतात, त्यांना क्युटिकलचे (शरीरावरील कठीण आवरणाचे) अस्तर असते आणि कात टाकताना तेही बाहेर पडते. ड्रोसोफिला या फळमाशीत चेतापट्ट दुमडत नाही. चेतापेशींच्या जनक पेशी एकेक करून थरातून आत सुटतात आणि नॉच संकेताने शेजारच्या पेशींना तसे होण्यापासून रोखतात. निमॅटोस्टेला या समुद्रफुलात काही चेतापेशी आतल्या थरातूनही येतात. २०१७ च्या एका अभ्यासानुसार त्याच्या घशाच्या बाह्यस्तरातील जनुकव्यक्ती इतर प्राण्यांच्या अंतःस्तराशी जुळते, आतला थर मध्यस्तराशी. स्पंजांना जनस्तर आहेत असे बहुतेक अभ्यासक मानत नाहीत.