व्हिक्टोरियन घरांच्या अंतर्भागाचे जतन

ब्रिटनमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीत (१८३७–१९०१) बांधलेल्या घरांतील गिलावा, छते, लाकूडकाम व फरश्या मूळच्या साहित्याने आणि मूळच्या रीतीने दुरुस्त करण्याचे काम. नवे बसवण्याआधी जुने दुरुस्त होते का ते पाहावे, या तत्त्वाचा पुरस्कार इंग्रज कलावंत व लेखक विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेल्या ‘सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज’ या संस्थेने केला. गंमत अशी, की मॉरिस यांचा रोष होता तो समकालीन व्हिक्टोरियन वास्तुविशारदांवरच, कारण मध्ययुगीन चर्चना ‘मूळ रूप’ देण्याच्या नादात ते शतकांचे थर खरवडून काढत होते.

या घरांच्या बाहेरच्या भिंती बहुधा भरीव विटांच्या असतात. त्यांत शिरलेली ओल चुन्याच्या दरजांतून व गिलाव्यातून हळूहळू निघून जाते. त्यावर सिमेंट किंवा प्लास्टिक रंग चढवला, की ही वाट बुजते, ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि पोपडे सुटतात. म्हणून चुन्याच्या भिंतीला चुनाच लागतो. बुजवलेल्या फायरप्लेसलाही हवेसाठी झरोका ठेवावा लागतो, नाहीतर धुराड्यात ओल धरते.

सर्वांत नाजूक काम छताचे. तुळयांना खालून फटी ठेवून ठोकलेल्या अरुंद लाकडी पट्ट्यांवर, जनावरांचे केस मिसळलेला चुना थरांनी चढवलेला असतो. पहिला थर फटींतून वर घुसून पट्ट्यांमागे आकड्यासारखा वळतो आणि सारे छत या आकड्यांवर तोललेले राहते. आकडे तुटले, की छत झोळीसारखे लोंबू लागते. ते पाडून जिप्समचे तक्ते लावणे सोपे असते, पण त्याबरोबर कडेची नक्षीदार कॉर्निसही (भिंत व छत जुळते तिथली प्लास्टरची पट्टी) बहुधा जाते. त्याऐवजी छताला खालून टेकू देऊन, वरच्या मजल्याच्या फळ्या उचलून, मागची धूळ काढून प्लास्टर ऑफ पॅरिसने नवी पकड देता येते. कॉर्निसचा तुटलेला भाग पत्र्याच्या साच्याने ओल्या प्लास्टरवर ओढून घडवतात.

जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्यामुळे तो कोरडा घासणे धोक्याचे आहे. वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांचा कुजलेला भाग तेवढा कापून नवे लाकूड सांधले, दोर बदलले आणि चौकटीतील, खिडकीचा भार तोलणारी वजने पुन्हा जोडली, की त्या बहुतेक वेळा पूर्ववत चालतात. पाइनच्या फळ्या तासून संपूर्ण जमीन उघडी ठेवण्याची आजची आवड मात्र फारशी व्हिक्टोरियन नव्हे. तेव्हा मध्ये गालिचा असे आणि कडेच्या फळ्याच गडद रंगवत.

इंग्लंडमध्ये वारसा यादीतील घराच्या आतही त्याच्या स्वरूपाला बाधा आणणारे फेरफार परवानगीविना करणे १९९० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. मुंबईत १८७२ मध्ये खुल्या झालेल्या आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा अंतर्भाग व्हिक्टोरियन धाटणीचा असून, त्याच्या जतनकार्याला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.