नौदलातील शौर्यपदकाचा मासिक भत्ता: गोव्यातील कुटुंबांसाठी अर्जाची माहिती

घरातल्या पेटीत वडिलांची किंवा आजोबांची पदके असतील, तर अर्जाच्या आधी ती कशाबद्दल मिळाली ते पाहा. गोवा मुक्तीच्या मोहिमेत असलेल्यांना जनरल सर्व्हिस मेडलवर ‘गोवा 1961’ अशी पट्टी मिळाली. 1971 च्या युद्धातील सैनिकांना ‘पूर्वी स्टार’, ‘पश्चिमी स्टार’, ‘संग्राम पदक’ मिळाले. ही मोहिमेत सहभाग घेतल्याची पदके. मान मोठाच आहे, पण त्यांवर मासिक भत्ता नाही. भत्ता मिळतो तो शौर्यपदकावर.

1 ऑगस्ट 2017 पासूनचे केंद्राचे दर असे: परमवीर चक्र दरमहा 20,000 रुपये, अशोक चक्र 12,000, महावीर चक्र 10,000, कीर्ती चक्र 9,000, वीर चक्र 7,000, शौर्य चक्र 6,000 आणि शौर्यासाठी दिलेले नौसेना पदक 2,000. तेच पदक दुसऱ्यांदा मिळाले असेल तर त्या ‘बार’वरही तेवढीच रक्कम आहे. अर्ज करताना चालू दर मात्र पुन्हा तपासून घ्या.

सर्वांत जास्त घोळ नौसेना पदकाचा होतो. हे पदक शौर्यासाठीही देतात आणि कर्तव्यनिष्ठेसाठीही. गडद निळी, मधे बारीक पांढरी रेघ असलेली रिबिन दोन्हींना एकच, त्यामुळे पदक हातात धरून काही कळत नाही. निर्णय होतो तो भारताच्या राजपत्रातील अधिसूचनेवर आणि प्रशस्तिपत्रावर. जुन्या पदकाबाबत प्रशस्तिपत्रातील मजकूर फार मोलाचा ठरतो. तो कागद लॅमिनेट करू नका, आधी स्वच्छ स्कॅन काढून ठेवा.

मग पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश (पेन्शन पेमेंट ऑर्डर), काढा. त्यात पदकाचा आणि भत्त्याचा उल्लेख नसेल तर तो सुधारून घ्यावा लागतो, बँकेत खेटे घालून उपयोग नाही. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधील ब्यूरो ऑफ सेलर्सकडे असतात, नौदलाचे पेन्शन कार्यालयही मानखुर्दलाच. अधिकाऱ्यांची प्रकरणे दिल्लीच्या नौदल मुख्यालयाकडे जातात. अर्जात पर्सनल नंबर, हुद्दा, जहाज किंवा तळ, राजपत्राचा क्रमांक व तारीख आणि शौर्यकृत्याची तारीख लिहा. सोबत पीपीओ, आधार, पॅन, बँक पासबुकाचे पहिले पान आणि फोटो. सुधारित पीपीओ झाल्यावर रक्कम संरक्षण खात्याच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन पेन्शन प्रणालीतून पेन्शनबरोबर येते. कागद जुळवायला मदत हवी असेल तर पणजीच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा. राज्य सरकारच्या लाभांची चौकशीही तिथेच करा, त्यासाठी मामलेदारांकडचा निवासी दाखला हाताशी ठेवा.

गोव्यातले अर्ज अडतात ते बहुधा नावावरून. 1961 पूर्वीच्या जन्मनोंदी पोर्तुगीज लेखनातल्या. जन्मदाखल्यावर ‘नाईक’चा शेवट ‘क्यूयूई’ (que) या अक्षरांनी, तर नौदलाच्या कागदात ‘के’ने (k). आधारवर तिसरेच काही. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून अर्जासोबतच जोडा, आक्षेप येईपर्यंत थांबू नका. पण आधार आणि पॅन प्रतिज्ञापत्राने बदलत नाहीत. ते सेवानोंदीतल्या नावाप्रमाणे आधी दुरुस्त करून घ्यावेत.

पदकविजेता हयात नसेल किंवा पदक मरणोत्तर असेल तर भत्ता पत्नीला मिळतो. तिने पुनर्विवाह केला म्हणून तो आता थांबत नाही, ती अट नोव्हेंबर 2017 मध्ये काढून टाकली आहे. अविवाहित जवानाच्या मरणोत्तर पदकाचा भत्ता आईवडिलांना मिळतो. पत्नीच्या अर्जाला मृत्यूचा दाखला आणि विवाह नोंदणीचा उतारा लागतो. इथे आपल्याकडची जुनी अडचण समोर येते: नागरी नोंदणीची पहिली सही झालेली असते आणि दुसरी राहून गेलेली. दुसऱ्या सहीशिवाय विवाहाची नोंद पूर्ण होत नाही. नवरा-बायको दोघेही हयात असताना हा उतारा काढून बघा. नंतर ते काम वकिलाकडे आणि न्यायालयात जाते, आणि वयस्क बाईची फार ओढाताण होते.

चक्रविजेत्यांच्या पेन्शनवर आणि त्यांच्या कुटुंब पेन्शनवर आयकर नाही. कर कापला जात असेल तर राजपत्राची प्रत देऊन तो थांबवून घ्या. चक्रविजेत्यांना आणि त्यांच्या विधवांना रेल्वेचा मोफत कार्ड पासही आहे, त्याचा अर्ज वेगळा करायचा.

दर नोव्हेंबरला जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा दाखला, द्यायला विसरू नका. ते चुकले तर पेन्शन थांबते आणि तिच्याबरोबर हा भत्ताही.