पवित्र शास्त्राची ईश्वरप्रेरितता व विश्वसनीयता

बायबल माणसांनी लिहिले असले तरी त्याचा मूळ कर्ता परमेश्वर आहे आणि म्हणून श्रद्धा व आचरण यांबाबत ते विश्वसनीय आहे, ही ख्रिस्ती धर्मातील मूलभूत धारणा. मराठी मंडळीत ग्रंथाला ‘शास्त्र’ किंवा नुसते ‘वचन’ म्हणतात.

या धारणेचा मुख्य आधार नव्या करारातील २ तीमथ्य या पत्राचे ३:१६ हे वचन. त्यातील ‘थिओप्न्यूस्टॉस’ हा ग्रीक शब्द नव्या करारात एकदाच येतो. त्याचा अर्थ कर्तरी (‘देवाचा श्वास देणारे’) की कर्मणी (‘देवाच्या श्वासातून निघालेले’), हा जुना वाद आहे, अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ बी. बी. वॉरफिल्ड यांच्या विवेचनानंतर कर्मणी अर्थ बहुमान्य झाला. दुसरा वाद अन्वयाचा, म्हणजे वाक्यातील पदांच्या परस्परसंबंधाचा. मूळ वाक्यात क्रियापद नाही. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी भाषांतरात ‘प्रत्येक परमेश्वरप्रेरित शास्त्रलेख’ असे विशेषण केले आहे. ‘प्रत्येक शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित व उपयोगी आहे’ असे विधानही होऊ शकते. १ तीमथ्य ४:४ मध्ये अशीच रचना असून तेथे दोन्ही पदे विधेयच आहेत. त्यामुळे दुसरा अन्वय अधिक संभवनीय वाटतो.

त्र्यंबकेश्वर व नाशिक ही वेदाध्ययनाची क्षेत्रे. येथील श्रोत्याला ‘शास्त्र’ म्हणताच ‘अपौरुषेय’ आठवणे स्वाभाविक. मात्र मीमांसकांच्या (वेदांचा अर्थ लावणाऱ्या दार्शनिकांच्या) मते वेदाला कर्ताच नाही, तर बायबलला ख्रिस्ती मते देव व माणूस असे दोन कर्ते आहेत. शुभवर्तमानकार लूक आपण सर्व गोष्टींचा शोध घेतल्याचे सांगतो. ज्या पत्रात ‘थिओप्न्यूस्टॉस’ येतो त्याच पत्रात त्रोवस शहरात राहिलेला झगा घेऊन येण्याची विनंती आहे (४:१३). प्रेरणेने लेखकाचे माणूसपण पुसले जात नाही, हे या झग्याइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

प्रमादराहित्याच्या, म्हणजे शास्त्रात चूक नसण्याच्या, व्याप्तीबद्दल मतभेद आहेत. इव्हँजेलिकल विद्वानांचे १९७८ चे शिकागो निवेदन मूळ हस्तलेख सर्वस्वी निर्दोष मानते. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये तारणासाठी देवाला हवे असलेले सत्य शास्त्र निर्दोषपणे शिकवते, अशी मांडणी केली. मूळ हस्तलेख आज उपलब्ध नाहीत. म्हणून संहितेचा प्रश्न येतो. मृत समुद्राजवळील कुमरान येथे १९४७ मध्ये सापडलेली यशया या जुन्या करारातील ग्रंथाची गुंडाळी साधारणपणे इ. स. पू. दुसऱ्या शतकातील मानतात. तिच्यात व सुमारे अकराशे वर्षांनंतरच्या मासोरा संहितेत (यहुद्यांच्या पारंपरिक हिब्रू संहितेत) पाठभेद पुष्कळ असले तरी आशय बव्हंशी एकच आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या हस्तलिखिताचा रायलँड्स नावाचा तुकडा पूर्वी इ. स. १२५ च्या सुमाराचा ठरवीत. अलीकडचे काही अभ्यासक तो दुसऱ्या शतकाच्या अखेरीपर्यंत किंवा त्याही पुढे नेतात. मार्क १६:९–२० व योहान ७:५३–८:११ हे उतारे सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत. हे उघडपणे नोंदवल्याने ग्रंथाची विश्वसनीयता कमी न होता वाढतेच.

नाशिकशी या ग्रंथाचा संबंध जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिकहून परतताना पटकीने वारले. त्याच वर्षी मुंबईत मराठी नवा करार छापून झाला. चर्च मिशनरी सोसायटीची नाशिकची शरणपूर वसाहत १८५४ च्या सुमाराची. तेथे गुलामगिरीतून मुक्त केलेली आफ्रिकी मुलेही शिकत. त्यांपैकी जेकब वेनराइट १८७३–७४ मध्ये मिशनरी व संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या शवाबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत आणि पुढे इंग्लंडला गेला.

नाशिकमध्ये शिकलेले कवी नारायण वामन टिळक यांना १८९३ मध्ये आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मानवी युक्तिवादांपेक्षा पवित्र आत्म्याची अंतःकरणाला पटणारी साक्ष सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिन यांनी श्रेष्ठ मानली होती. टिळकांचे उदाहरण त्याच जातीचे आहे.